भिंतीकडचं ताट

बसा जरा या पायऱ्यांवर. ऊन दिसतंय, पण वारा बोचरा आहे. दाभाडेकाका, टोपी घाला. डोंगर चढून उतरलात, आता दम खा. या उंचीवर घाई केली की डोकं धरतं, आणि मग परत जाताना बसमध्ये माझ्या नावानं खडे फोडाल. घंटा व्हायला वेळ आहे, त्याआधी आत जाऊन उपयोग नाही.

वहिनी, मघाशी चर्चमध्ये डाव्या भिंतीपाशी ती लाल शालीची बाई थडग्यावर ताटं मांडत होती. तुम्ही विचारलंत, थडगं एक आणि ताटं दोन कशी? मी तिला तिच्या भाषेत विचारलं. ती म्हणाली, हे अलीकडचं सिसाचं. आणि भिंतीकडचं? तर म्हणाली, कुणाचं नाही, तिथं कोणी नाही. तुम्हाला वाटलं मी नीट विचारलं नाही. विचारलं होतं. या गावात कुणालाही विचारा, लहान पोराला विचारा, हेच उत्तर मिळेल.

मी मूळची वाईची, लग्न करून पेरूत आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या सासूबाई, युलालियाबाई, याच गावच्या. ही गोष्ट त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकली आणि मी त्यांच्याकडून, बटाटे सोलता सोलता. खरं-खोटं त्या डोंगराला माहीत. मी ऐकली तशी सांगते.

सकाळी वर पडक्या भिंती पाहिल्यात ना, ते जुनं गाव. वायराकांचा म्हणायचे त्याला, म्हणजे वाऱ्याचं अंगण. तिथल्या भिंतींत चुना नाही, माती नाही. दगडावर दगड घासून घासून बसवलेला. काकांनी फटीत बँकेचं कार्ड सरकवून पाहिलं, नाही गेलं. आणि त्या लांब खोलीतले मोठे कोनाडे बघून तुम्ही म्हणालात, इथं देव असतील. देव नव्हते. त्यांची गेलेली माणसं होती.

इथली हवा कोरडी आणि थंड, देह सुकून राहतो. माणूस गेलं की गुडघे छातीशी घेऊन, चांगल्या विणलेल्या कापडात गुंडाळून त्या कोनाड्यात बसवायचे. वर्षाचं नवं कापड त्यांना, मक्याचं पहिलं कणीस त्यांना. लग्न ठरवायचं तर आधी जाऊन त्यांना सांगायचं. आपण सर्वपित्रीला पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघत बसतो. यांना कावळा लागायचा नाही, म्हातारी समोरच बसलेली असायची.

तर त्या गावात सिसा नावाची मुलगी होती. सिसा म्हणजे फूल. ती लहान असताना म्हणे मोठा दुष्काळ पडला. घरात मूठभर वाळवलेले बटाटे असायचे. आई ते सिसाला भरवायची आणि म्हणायची, माझं झालं. सिसा वाचली. आईच्या अंगात मात्र ती भूक कायमची शिरली. पुढं पिकं आली, कोठारं भरली, तरी ती घासातला घास उशाशी ठेवून झोपायची. मरताना तिनं लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "मला उपाशी ठेवू नकोस गं." सिसानं शब्द दिला, माझे हात आहेत तोवर तुला जेवू घालीन. आईला कोनाड्यात बसवलं आणि रोज आधी तिच्यापुढं ताट ठेवून मग ती जेवायची. तिचा नवरा वामन, आपला वामन नव्हे, त्यांच्या भाषेत वामन म्हणजे ससाणा, तो पाथरवट होता. तो चेष्टा करायचा, की सासूबाई जिवंत होत्या तेव्हा इतक्या जेवत नव्हत्या.

पुढं स्पॅनिश आले. त्यांच्याबरोबर पाद्री आला. हुकूम निघाला, डोंगरावरचं गाव सोडायचं, खाली मैदानात राहायचं, आणि वरच्याच भिंती पाडून त्या दगडांचं चर्च बांधायचं. आता तुम्ही टेकून बसलाय ना काका, तो दगड बहुतेक कुणाच्या तरी घराचा आहे. आणि दुसरा हुकूम, मेलेल्यांना जेवू घालणं हे सैतानाचं काम, तर त्या सगळ्यांना खाली आणून जाळायचं. इथं, या अंगणात, ही चिता झाली. लोक आपापले आजे-पणजे पाठीवरून घेऊन आले आणि आगीत ठेवले. सासूबाई इथवर आल्या की सोलणं थांबवायच्या. म्हणायच्या, माणूस दोनदा कसं मरतं ते या गावानं पाहिलंय.

सिसानं आईला दिलं नाही. पाद्रीला सांगितलं, माझ्या आईला दरीनं नेलं, तिचा देह सापडलाच नाही. आणि आईला घरात, मक्याच्या कणगीमागं लपवलं. पण किती दिवस लपवणार? शिपाई घरं तपासत होते. तेव्हा वामननं मार्ग काढला. चर्चच्या भिंती हातभर नाही, चांगल्या दोन हात जाड घ्यायच्या होत्या आणि बांधणाऱ्यांत तो होता. डाव्या भिंतीत त्यानं आतून एक कोनाडा सोडला.

आईला तिथवर न्यायचं कसं? तर म्हणे भर दिवसा. बायका पाठीला पोरं बांधून दगड वाहायच्या, अजूनही इथल्या बायका तशाच पोरं बांधतात, तुम्ही फोटो काढलेत. सिसानं सुकून एवढीशी झालेली आई शालीत घातली, पाठीला बांधली आणि रांगेतून चालत आली. वाटेत पाद्री उभा होता. त्यानं गाठोड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळ झोपलंय?" सिसा म्हणाली, "झोपलंय." त्यानं आशीर्वाद दिला आणि ती पुढं गेली.

आता ऐका, चूक कुठं झाली. चर्चची सगळी भिंत चुन्यात बांधायची, असा हुकूम होता. अंगठ्याएवढी सांध, त्यात चुना, झालं काम. सिसा नवऱ्याला म्हणाली, बाकीच्यासारखाच चुना फास आणि लवकर बंद कर. वामनचा हात काही ऐकेना. "सासूच्या दारात चिखल फासू? आत बसून ती रोज बघणार, जावयानं काम कसं केलंय." तो दगड घासत बसला. पुन्हा लावून बघायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा घासायचा. शेवटी असा बसवला की केस जायला जागा नाही. अडाणी नव्हता हो तो. त्याला कळत होतं, की घाई करायला हवी. पण आपल्या माणसासाठी वाईट काम करायचं कसं, हे त्या लोकांना येतच नव्हतं.

चर्चच्या पहिल्या सणाला सारं गाव जमलं आणि पाद्री भिंती बघत फिरला. सगळीकडं चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि एका दगडाभोवती रेघच नाही. त्यानं सुरीचं टोक घालून पाहिलं, जाईना. माणूस मूर्ख नव्हता. एवढी माया नुसत्या भिंतीवर कोण करतं? वामनला पुढं ओढलं. पाद्री म्हणाला, पहार आणा. तेव्हा सिसा उठली.

पाद्रीनं तिच्यापुढं क्रूस धरला. "यावर हात ठेव आणि सांग. आत कोण आहे?"

ती म्हणाली, "तिथं कोणी नाही."

"तुझी आई?"

"मला आई नाही."

सगळ्या गावासमोर, त्या दगडापासून हातभर अंतरावर. आतली म्हातारी ऐकत होती, असंच गाव धरून चालतं. सासूबाई म्हणायच्या, आगीत टाकली असती तर एकदाच जळली असती, ती लेकीच्या तोंडून जळली. मी म्हणायचे, नाही हो, आईला कळलं असेल. त्या म्हणायच्या, कळलं असेलच. कळलं म्हणून कमी लागतं का?

पाद्रीनं पहार खाली ठेवायला लावली. का, ते दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतात, त्या दगडावर छताची तुळई होती, काढला असता तर छत बसलं असतं. कुणी म्हणतात, त्याला दया आली. पण दया आलेल्या माणसानं पुढचं वाक्य बोललं नसतं. तो म्हणाला, "ठीक आहे. कोणी नाही ना? मग या भिंतीशी कुणी घास ठेवायचा नाही, पेय शिंपडायचं नाही, बोलायचं नाही. ज्या दिवशी ठेवलेलं दिसेल, त्या दिवशी छत गेलं तरी भिंत फोडीन."

म्हणजे बघा, आई आगीतून वाचली आणि उपाशी राहिली. ज्या एका गोष्टीला ती जन्मभर भ्यायली, तीच तिच्या वाट्याला आली, आणि तीही लेकीनं तिला वाचवलं म्हणून. सिसा दर रविवारी यायची. दगडाला पाठ लावून बसायची. एकदाही वळून पाहिलं नाही तिनं. घरी मात्र तिनं पोटभर जेवणं सोडलं. मुलांना वाढायची, वामनला वाढायची आणि विचारलं की म्हणायची, माझं झालं. वामनला ते शब्द कुणाचे ते ठाऊक होतं. तो दगड त्याच्याच हातचा होता.

अशी वर्षं गेली. सिसा सुकत गेली आणि एका पावसाळ्याच्या तोंडाला तिनं अंथरूण धरलं. पाद्रीही तोवर म्हातारा झालेला. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल तिला लावायला आला तेव्हा ती म्हणाली, "मला चर्चमध्ये पुरा. डाव्या भिंतीशी, त्या दगडाच्या पायथ्याला." पाद्रीनं तिच्या कपाळाला तेल लावलं. मग म्हणाला, "जागा देतो."

तिला जागा का हवी होती, ते आज, दोन नोव्हेंबरला कळतं. मृतांचा दिवस. बाप्तिस्मा झालेल्याच्या थडग्यावर या दिवशी ताट ठेवायला चर्चची ना नव्हती. लोक ऐकतच नव्हते, तेव्हा तेवढं पाद्रीनंच चालवून घेतलं होतं. सिसाला ते माहीत होतं. जिवंतपणी तिला आईपुढं घास ठेवता येत नव्हता. म्हणून ती मेल्यावर तिथं जाऊन पडली, म्हणजे त्या भिंतीशी कुणाला तरी अन्न आणता येईल.

त्या वर्षी वामन आला तो दोन ताटं घेऊन. पाद्री दारात होता. त्यानं विचारलं, "दुसरं कुणाचं?"

वामन म्हणाला, "कुणाचं नाही. तिथं कोणी नाही."

पाद्रीनं त्याच्याकडं पाहिलं, त्या दगडाकडं पाहिलं. मग तो वळला आणि भिंतीकडं पाठ करून दाराकडं तोंड करून उभा राहिला, वामनचं वाढून होईपर्यंत.

वहिनी, डोळे पुसा, घंटा होईल आता. आत गेलात की बघा, पाद्री बदलले, किती झाले, पण आजही या दिवशी घंटा झाली की जो कोणी पाद्री असेल तो भिंतीकडं पाठ करून उभा राहतो. आजही त्या एका दगडाभोवती चुन्याची रेघ नाही, आणि भिंतीला कितीदा रंग दिला तरी गाव तो दगड रंगवू देत नाही. तुम्हालाही कुणी हातात पाव देईल. भिंतीकडच्या ताटात ठेवा. कुणाचं म्हणून विचारू नका, आणि कुणी तुम्हाला विचारलं तर काय म्हणायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि एक बघा. आजही भिंतीकडच्या ताटात आधी वाढतात, गरम गरम, वाफ येते तसं. अलीकडचं ताट तोवर रिकामं असतं. ते मागाहून भरतात. आईच्या आधी सिसा जेवायची नाही, हे गावाला ठाऊक आहे.