काळीची मच्छरदाणी

फार जुनी गोष्ट नाही. कोंबड्या तेव्हाही बोलायच्या, फक्त माणसं ऐकायची नाहीत.

तुळाजीला दवाखान्यातून मच्छरदाणी मिळाली. मुंगूस शिरू नये म्हणून त्यानं ती खुराड्याभोवती गुंडाळली. आत काळी कोंबडी ऐटीत बसायची. डास म्हणायचे, "काळे, तू झोप निवांत. आमचं पान तुळाजीच्या खाटेवर वाढलंय." काळी खुदुखुदु हसायची.

मग तुळाजी थंडीतापानं कुडकुडू लागला. देवऋषी आला आणि तांबडी कोंबडी गेली. आठ दिवसांनी ताप पुन्हा उलटला. देवऋषी म्हणाला, "आता काळी लागेल."

काळीचं हसू चोचीतच अडकलं. डास थांबले तर ताप थांबेल, आणि ताप थांबला तरच आपली मान शाबूत राहील!

तेवढ्यात दवाखान्याच्या आशाताई आल्या. तुळाजीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत त्यांनी विचारलं, "मच्छरदाणी लावता ना, भाऊ?"

"लावतो की, ताई. रोज!"

काळीनं मच्छरदाणीचं टोक चोचीत धरलं आणि घाणीनं बरबटलेली अख्खी मच्छरदाणी फरफटत ताईंच्या पायाशी आणून टाकली. तुळाजीनं मान खाली घातली. देवऋषीनं पिशवी उचलली.

ताईंच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि धुतलेली मच्छरदाणी खाटेवर चढली.

"आता मुंगसाची भीती नाही वाटत?" पिल्लांनी विचारलं.

"वाटते ना," काळी म्हणाली. "पण मुंगूस आलं की मालक काठी घेऊन धावतो. देवऋषी आला की मालकच आपले पाय बांधून देतो."