घरचं म्हणून वाढलेलं ताट

मंडळी, आधी एक सांगा. माणूस हात जोडून गोड बोलतोय आणि त्याच्या दारातली माती वेगळंच सांगतेय, तर विश्वास कोणावर ठेवाल? घाईनं उत्तर देऊ नका. माझ्याकडे एक गवळी दूध घालायचा. ज्या दिवशी दूध पातळ, त्या दिवशी त्याच्या शपथा घट्ट. हे कळायला मला सहा महिने लागले, आणि मी स्वतःला हुशार समजतो!

तर फार जुन्या काळी एका डोंगराच्या माथ्यावर एक शेतकरी आणि त्याची बायको राहत असत. रान मुरमाड. विहीर नाही, पाट नाही. पण त्यांची नाचणी अशी चिवट, की पावसानं महिनाभर पाठ फिरवली तरी मान टाकत नसे.

पलीकडच्या खोऱ्यात चाळीस घरांचं गाव होतं. तीन वर्षं पाऊस दगा देऊन गेला आणि गावातलं बियाणं संपलं. गावानं एका जाणत्या म्हातारीला तिच्या भावासोबत धाडलं. "कमी पाण्यावर तगेल असं बी आणा. देणाऱ्याला बैलजोडी देऊ." पेरणीला पंधरा दिवस उरले होते.

त्या मुलखाची रीत अशी, की बी मागणाऱ्यानं आधी त्या घरी जेवायचं. यजमानानं आपल्या रानात पिकलेलंच रांधून वाढायचं, आणि जे मनाला येईल त्याचं बी पाहुण्यानं मागायचं.

पाहुणे येताहेत, असा निरोप माथ्यावर पोचला. शेतकऱ्याचा एक बैल उन्हाळ्यात मेला होता, त्यामुळे जोडीसाठी त्याचा जीव तुटत होता. पण पाहुण्यांपुढे काळी भाकरी ठेवायची त्याला लाज वाटली. शेळी देऊन त्यानं पेठेतून बारीक तांदूळ, गहू आणि गूळ आणला.

बायको म्हणाली, "अहो, निदान एक भाकरी ठेवते बाजूला."

"गप गं! बैल हवेत की हसं?"

पाहुणे आले, सोबत आणलेली बैलजोडी दारात बांधून पाटावर बसले. पांढराशुभ्र भात, मऊ पोळी, गुळाचा खडा.

"घ्या मावशी, घ्या मामा. सगळं घरचं."

म्हातारीनं घास घेतला आणि थांबली. येताना तिनं रान पाहिलं होतं. पायाला मुरूम टोचला होता.

"भात या माथ्यावर पिकतो?"

"हो तर!"

"आणि पाणी?"

शेतकरी गडबडला. "पाणी... दंव पडतं ना, मावशी."

"दंवावर भात?"

"आमच्याकडचं दंव जरा जाड असतं."

भाऊ हसला. "अक्का, जाड दंव म्हणे! दोन घागरी भरून नेऊ या का?"

म्हातारीला हसू आलं नाही. तिनं गुळाचा खडा उचलला. ऊस? या खडकात? तिला वाटलं, डोळे दगा देताहेत की जीभ? इतका जीव लावून वाढणारा माणूस खोटं कशाला बोलेल? पण मग ते रान?

"भाऊ, माझं डोकंच चालेना."

"मग आधी जेव. उपाशी डोकं कुणाचंच चालत नाही."

जेवण झालं. म्हातारी म्हणाली, "लेका, जाड दंवावर का होईना, पिकतोय ना? मग याच भाताचं बी दे."

शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरात होते ते पेठेतले, कांडून टरफल काढलेले तांदूळ. ते पेरून काय उगवणार?

"बी ना... ते उंदरांनी खाल्लं, मावशी."

"मग गव्हाचं दे."

"तेही... त्याच उंदरांनी."

आता मात्र बायकोला राहवेना. ती नाचणीची भाकरी आणि बियाण्याचं मडकं घेऊन बाहेर आली. "मावशी, ते सगळं विकतचं होतं. आमचं हे. बिनपाण्याचं तगतं. शपथ घेऊन सांगते."

म्हातारीनं भाकरीचा तुकडा चावला, दाणे तळहातावर घोळवले. मग एकदा रानाकडे, एकदा नवराबायकोकडे पाहिलं.

"पोरी, तू खरं बोलतही असशील. पण तासाभरात या घरात भात, पोळी, गूळ असं तीनदा 'घरचं' म्हणून खाल्लं आणि तिन्ही वेळा फसले. चौथ्यांदा चाळीस घरांचं पोट कशावर टाकू? मूठभर नेते. एका वाफ्यात लावून पाहते."

बैलजोडी आली तशी परत गेली.

त्या वर्षी खोऱ्यातली निम्मी घरं कुलपं लावून कामासाठी परमुलखात गेली. वाफ्यातली नाचणी मात्र गुडघ्याला लागली. मुठीची टोपली झाली, टोपलीची पोती झाली, आणि तिसऱ्या वर्षी सगळं गाव पेरतं झालं. आता त्यांना कोणाकडे बी मागायला जायची गरजच नव्हती. माथ्यावरचा शेतकरी उरलेल्या एका बैलाच्या जोडीला स्वतः जू ओढत राहिला.

बोध एवढाच: दिखाव्यासाठी केलेलं खोटं आपल्या खऱ्याचीही पत घालवतं.

तेव्हा बाबांनो, आयाबायांनो, दुकान असो की चूल, आपलं किती आणि आणलेलं किती, याचा हिशेब तेवढा सचोटीनं ठेवा.