गाडीला न लागणारा रॅक

बिल्डर रणधीर देवरेंनी नवीकोरी स्पोर्ट्स कार सायकलच्या दुकानासमोर आडवी लावली आणि सायकल न्यायला रॅक मागितला. दुकानदार खैरनारबाईंनी टपावरचा दाखवला, तर म्हणे रंगाला चरे पडतील. डिकीवरचा दाखवला, तर मागचा पंखासारखा ऐटबाज स्पॉयलर झाकला जाईल. तासाभरात सात रॅक काढून झाले. बाईंचं डोकं उठलं.

"गाडीला कुठेही न लागणारा रॅक द्या!" देवरे गरजले. "नसेल तर दुकान बंद करा!"

"सायकल न्यायचीय कुठे?"

"धरणावर, चालवायला. घरापासून आठ किलोमीटर."

आता बोला!

"मग तसा रॅक आहे की," बाई म्हणाल्या. "गाडीला शिवत नाही, सायकल थेट धरणावर पोचवतो. दोन पायांचा आहे. येताना तुम्ही घरूनच आणलाय."