निकेलच्या नावावर जमा झालेले श्रेय

एका संशोधन संस्थेत एकदा एक वयोवृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढण्याचे काम करीत होते. आचार्यांचे नाव सदाशिव केळुसकर, शिष्येचे हेमांगी. पाण्यात धातूचे दोन पत्रे बुडवून विजेचा प्रवाह सोडला की एका पत्र्यापाशी हायड्रोजन निघतो आणि दुसऱ्यापाशी ऑक्सिजन, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण कमी विजेत हे साधायचे तर पत्र्यांवर उत्प्रेरकाचा लेप लागतो, आणि उत्तम उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम, इरिडियम यांसारखे दुर्मीळ धातू. त्यांच्या भरवशावर कारखाने चालत नाहीत. म्हणून हेमांगीने मुबलक मिळणारे निकेल निवडले. चार वर्षे खपून तिने असा लेप तयार केला, की ऑक्सिजनच्या बाजूला तो इरिडियमच्या तोडीस तोड ठरला.

प्रबंध लिहून होत आला होता. शांतिनाथ मगदूम नावाचे खत कारखानदार, ज्यांना खत बनवायला हायड्रोजन लागे, तिचे काम पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर सारे चोख असावे म्हणून हेमांगीने वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात घालायचे नेहमीचे स्वस्त कॉस्टिक पोटॅश बाजूला ठेवले आणि मिळेल तेवढे शुद्ध मागवले. भांडेही नवे कोरे आणले. बटण दाबले, तर प्रवाह पूर्वीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतका!

तिने तारा तपासल्या, पत्रे बदलले, पुन्हा लेप दिला. आकडा हलेना.

"सर, लेपातच काहीतरी बिघडलंय. मगदूम परवा येताहेत. त्यांना येऊ नका म्हणून कळवू का?"

केळुसकर उठून बाहेर गेले. कुंपणापाशी पडलेला एक गंजका खिळा त्यांनी उचलून आणला आणि तिच्या त्या निर्मळ द्रावणात टाकला.

"सर! हे काय केलंत?"

"उद्यापर्यंत असू दे," ते म्हणाले.

चार वर्षांत हेमांगीला त्यांचा प्रथमच राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो खिळा चिमट्याने काढून टाकला आणि केवळ रागापोटी बटण दाबले. प्रवाह वाढू लागला. दुपारपर्यंत दुप्पट झाला, संध्याकाळी थेट जुन्या आकड्याला जाऊन टेकला. ती केळुसकरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बस," ते म्हणाले. "स्वस्त पोटॅशमध्ये लोखंडाचा अंश असतो. अगदी नगण्य. चार वर्षे ते लोखंड तुझ्या निकेलमध्ये शिरत होते आणि काम करीत होते. आपण त्याला मळ समजलो, म्हणून त्याची नोंदही ठेवली नाही. या वेळी तू शुद्ध द्रावण घेतलेस आणि नकळत कामकऱ्यालाच बाहेर ठेवलेस. दुर्मीळ धातू सोडून आपण साध्या धातूकडे वळलो, हेमांगी. पण तिथेही जो सर्वांत साधा, त्याच्याकडे आपले लक्ष गेले नाही."

"म्हणजे निकेल काहीच करत नव्हतं?"

"करत होते की. लोखंडाला बसायला जागा देत होते. दोघांपैकी कोणालाच ते एकट्याने जमले नसते."

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"नाही. आकडा पडला तेव्हा शंका आली. ती फार पूर्वी यायला हवी होती. तुझ्या प्रबंधावर मीही सही करायला निघालो होतो."

हेमांगीने वळून आपल्या भांड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "जुनं पोटॅश वापरलं तर उद्या सगळं सुरळीत दिसेल."

"दिसेल," केळुसकर म्हणाले आणि छत्री घेऊन घरी गेले.

मगदूम आले तेव्हा टेबलावर दोन भांडी होती, एकात स्वस्त पोटॅश, दुसऱ्यात शुद्ध. हेमांगीने दोन्ही चालवून दाखवली आणि घडले ते सांगितले.

"म्हणजे मॅडम, तुमचं चार वर्षांचं काम चुकलं?"

"आकडे बरोबर होते. कारण चुकलं होतं."

"मला आकडा मिळाला की झालं. कारणाशी काय करायचंय?"

"तुमच्या यंत्रात रोज नवं, गाळलेलं पाणी येणार. लोखंड हळूहळू सुटून जाईल आणि यंत्र मंदावेल. का मंदावलं, हे तेव्हा कुणालाच सांगता येणार नाही. लोखंड किती द्यायचं आणि केव्हा, हे मला आधी मोजावं लागेल. वर्ष लागेल."

मगदूमांनी दोन्ही भांड्यांकडे पुन्हा एकदा पाहिले. "वर्ष फार झालं," ते म्हणाले. चहा घेऊन ते निघून गेले. शब्द काही दिला नाही.

हेमांगीला वाईट वाटलेच. पण त्याच दुपारी तिने प्रबंध उघडला आणि वापरलेल्या पदार्थांच्या यादीत, निकेलच्या शेजारी, चार वर्षांत प्रथमच लिहिले: लोखंड. मात्रेची जागा तिने कोरी ठेवली, आणि ती भरण्यासाठी लोखंडाची पहिली मात्रा तोलायला घेतली.

आपले एखादे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले असेल, तर ते नेमके कोणाच्या बळावर, हे ते थांबण्याआधी पाहून घ्यावे.