सात ठशांचे दोरे

फार जुनी गोष्ट आहे, राजे हत्तीवरून फिरत तेव्हाची. नदीकाठी कापड छापणाऱ्यांचं एक गाव होतं. गावात एक मोठा पेटारा होता आणि त्याला कुलूप नव्हतं. ज्यानं त्यानं कोरलेले लाकडी ठसे त्यात ठेवायचे, ज्याला हवा त्यानं न्यायचा. कशाला नेतोस, म्हणून कुणी विचारत नसे. किती भरवशाचे दिवस होते ते!

फक्त प्रत्येक ठशाच्या मुठीला एक दोरा असे. पांढरा असला तर कोरणाऱ्याचं नाव कापडाच्या कोपऱ्यात छापायचं. तांबडा असला तर त्यात भर घालून केलेली नवी नक्षीही पेटाऱ्यात आणून ठेवायची. दोऱ्याच्या गाठीवरून कोरणारा ओळखू येई.

राही नावाची एक रंगारीण होती. राजकन्येच्या लग्नाचा शेला छापायचं काम तिला मिळालं. तिनं पेटाऱ्यातून सात ठसे आणले. पण रंगानं भिजलेले दोरे कापडावर टेकायचे. डाग पडला म्हणजे? लग्नाचं कापड ते! तिनं विळीवर सातही दोरे तोडले अन् चुलीत टाकले.

शेजारची म्हातारी धोंडाई बघत होती. "अगं, दोरे कुठं गेले? त्यातली कुयरी माझी आहे बरं!"

"मावशे, दोऱ्यानं का छपाई होते?"

"कुठला कुणाचा, राहील ध्यानात?"

"सातच तर आहेत!"

काम झाल्यावर राहीनं ठसे पेटाऱ्यात परत ठेवले. शेला असा उतरला, की राणीनं तो डोळ्यांना लावला. कारभारी म्हणाला, "ही नक्षी आता राजवाड्याची. दुसऱ्या कुणी छापायची नाही. सगळी तुझीच ना?"

राहीला धोंडाईची कुयरी आठवली. पण चारचौघांत कौतुक चाललेलं. ती म्हणाली, "माझीच."

चार दिवसांनी बाजारात शिपायांनी धोंडाईचं गाठोडं ओढलं. "म्हातारे, राजवाड्याची कुयरी छापतेस?"

धोंडाईला आधी हसू आलं. "अरे मुडद्यांनो, तुमच्या राणीच्या बारशाआधी कोरलीय ती मी!" पण शिपाई तिचा ठसाही घेऊन गेले, तेव्हा ती "माझा ठसा!" म्हणत त्यांच्यामागं धावली. उद्या साऱ्या गावावर हीच पाळी येणार होती.

राहीनं ते पाहिलं. ती धावत गेली आणि तिनं राणीचे पाय धरले. "राणीसाहेब, मी खोटं बोलले. नक्षी सात जणांची आहे."

"कुणाकुणाची?"

राहीला पाचच नावं आठवली. घरोघर विचारून सहावं मिळालं. सातवा ठसा काठावरच्या वेलीचा. तो कुणी कोरला, त्याचा दोरा कुठल्या रंगाचा होता, कुणालाच सांगता येईना.

राणी म्हणाली, "ज्याची अट ठाऊक नाही, ते माझ्या लेकीच्या अंगावर नको."

राहीनं आपल्या हातांनी शेल्याचा काठ कापला. सहा नावं कोपऱ्यात छापली. धोंडाईला ठसा परत मिळाला, नवी नक्षी सगळ्या गावाची झाली. राजकन्या मात्र बिनकाठाचा शेला पांघरून सासरी गेली. आणि ती देखणी वेल पुन्हा कुणालाच छापता आली नाही.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनोही, कुणी मोकळ्या मनानं दिलेलं खुशाल घ्यावं, पण देणाऱ्याचं नाव आणि त्याची अट कधी टाकून देऊ नये.