वाळ्याचा कोंबडा

"बाबा, ह्या कोंबड्यावर चालेल असा एखादा मंत्र आहे का तुमच्याकडे?"

उन्मेष कारखानीस जाळं सोडवत करवादला. जाळ्याखाली रानकोंबडा बसलेला, निवांत. पायात चकचकीत वाळा. त्यो वाळाबी उन्मेषनंच घातलेला.

सुभानबाबा फकीर आपल्या तकियाच्या, म्हंजी फकिराच्या मठीच्या, पायरीवर कोरा चहा फुर्र करत पीत व्हतं.

"मंत्र कशापायी, बेटा? गरीब हाय त्यो."

"गरीब? रोज येतो, माझी ज्वारी खातो, जाळ्यात बसतो. पुण्याहून मी ह्याच्यासाठी आलोय?"

आता ह्ये पुण्याचं शिकल्यालं पोरगं रानकोंबड्या धरायचं, पायात वाळं घालून सोडायचं. कुठली कोंबडी कुठवर जाती त्ये त्याला हुडकायचं व्हतं. रानखात्यानं दिल्याली परवानगी आज दिस बुडंस्तवर. आन् वाळा घातल्यालं पाखरू किती? तर ह्यो येक. मोठं सायब हसणार, वरसाची मेहनत पाण्यात.

"दोरी का वढलीस?" बाबानं इचारलं.

"आला म्हणून."

"कोण?"

"हाच की! कोंबडा!"

"मग कोंबडाच घावला. तक्रार कसली?"

उन्मेषनं कपाळावर हात मारला. "मला कोंबड्या हव्यात, बाबा. माद्या."

"त्या कुठं हायत?"

"मागे. त्या करवंदीच्या जाळीत. हा पुढे येतो आणि त्या मागेच राहतात."

बाबानं चहात पडल्याली मुंगी बोटानं काढली, फुंकर घालून पायरीवर सोडली.

"कळलं!" उन्मेष ताडकन उठला. "हाच आडवा येतो. ह्यालाच बाजूला काढतो."

बाबाचं डालगं उचललं, कोंबडा त्याच्याखाली घातला, वर दगुड ठिवला. जाळं पुन्ना वर टांगलं, खाली ज्वारी पसरली, दोरी धरून झुडपाआड बसला.

...

करवंदीत पान हालंना.

दुपार कलली. मुंग्यांनी ज्वारी वढाय सुरवात केली. उन्मेषचा पाय बधिर झाला, डास नाकात शिरलं, पर कोंबडीचं पीस दिसंना.

"ह्या माद्या आहेत की भुतं?"

बाबा उठलं. डालग्यावरचा दगुड काढला.

"अहो बाबा! नको!"

"त्याला भूक लागली आसंल."

कोंबडा भायेर आला. पंख झटकलं. सासुरवाडीला निघाल्यागत ऐटीत जाळ्याखाली गेला आन् टिपाय लागला.

टिपला. मान वर केली. पुन्ना टिपला.

तवा करवंदीतनं येक मादी भायेर आली. मागनं दुसरी. मग तिसरी...

उन्मेषचं तोंड उघडंच ऱ्हायलं. ह्यो पैला खातो, मग त्या येत्यात! आन् आपण रोज ह्यो आला की दोरी...

"बसून ऱ्हा," बाबा हळू बोललं.

"बसतोय," उन्मेष कुजबुजला. आता कायबी झालं तरी वढायची न्हाई. समद्या आत येऊ द्यायच्या.

पैली मादी जाळ्याच्या कडंला आली. येक पाय उचलून थांबली. उन्मेषनं श्वास धरला.

कोंबड्यानं मान वर केली आन् झुडपाकडं नीट बघितलं.

जातंय! ह्यो कोंबडाबी जातोय!

उन्मेषनं खस्सकन दोरी वढली.

फर्रर्र करून माद्या उडाल्या, त्या पार दरीपल्याड. धुरळा बसला. सूर्व्या डोंगराआड बुडाला. जाळ्याखाली वाळा चमकला.

"बाबा!" उन्मेष रडकुंडीला आला. "बघा! पुन्हा हाच!"

बाबा गुडघ्यावर हात ठिवून उठलं, जाळ्यापाशी गेलं, वाकून कान लावला. कोंबडा कुक्-कुक् करत व्हता. बाबानं मान डोलावली.

"त्योबी त्येच म्हंतोय."