आमलीपाड्याची जीप

डोंगरातल्या आडगावी जायचं असेल, तर तुम्ही आधी काय बघाल? निवृत्त इंजिनिअर पटवर्धनसाहेबांनी नकाशा बघितला. त्यांच्या पत्नी शरयूताईंचे वडील सातपुड्यातल्या आमलीपाड्याला मास्तर होते. ती शाळा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच ताईंची इच्छा होती. पायथ्याशी एसटी संपली आणि दुपार झाली, तरी वर जायला एकही जीप आली नाही.

"कसला हा मुलूख! चल, परत जाऊ," साहेब वैतागले. शरयूताईंचे डोळे भरून आले.

चहावाल्या रमिलाबाई म्हणाल्या, "थांबा की साहेब. वरची जीप..."

"मला नका शिकवू बाई. तीस वर्षं रस्ते बांधलेत मी. नकाशात सगळं असतं."

"असेल ना. मग आमलीपाड्याचा बाजार कोणत्या वारी, ते त्यात बघून सांगा."

"बाजाराचा इथे काय संबंध?"

"इथली जीप रस्ता आहे म्हणून निघत नाही, साहेब. बाजार असतो म्हणून निघते. उद्या बुधवार, उद्या बाजार. ताई, आज माझ्याकडे राहा."

साहेबांनी नकाशाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जीप निघाली. शरयूताई पुढे बसल्या आणि साहेब मागे, कांद्याच्या पोत्यावर.